घरातली यंत्रे आणि आपण
(मंडळाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय मला दिला तेव्हा मी म्हटले, अहो, यंत्रातले मला काय कळते? त्या म्हणाल्या, “कळत नाही म्हणूनच दिला. कळणाऱ्यांची भाषणे कोण ऐकते?” तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकले तर त्यातला अर्धा वाटा त्यांनी उचलावा.

मी लग्न होऊन सांगलीत आले ती १९७३ साली. यंत्र म्हणण्यासारख्या दोनच वस्तू आमच्या घरात होत्या. एक रेडिओ आणि दुसरे शिलाईचे मशीन. रेडिओ मामंजींचा. त्याच्या परवान्याचे पैसे दरसाल पोस्टात जाऊन ते स्वतः भरीत, आणि त्याचा कान पिळण्याचा अधिकारही त्यांचाच. मशीन मात्र माझे, माहेरून आलेले. या मशीनची गोष्ट पुढे यायची आहे, म्हणून ते ध्यानात असू द्यावे.

१९७६ मध्ये आमच्याकडे कुकर आला. सासूबाईंनी तो दोन महिने फळीवर ठेवला होता. कोणाच्या तरी घरी झाकण उडून छताला लागले, असे त्यांनी ऐकले होते. मंडळ तेव्हा नुकतेच निघाले होते. त्या वेळच्या चिटणीसबाईंनी आपला कुकर पिशवीत घालून इथे आणला आणि आम्हा सगळ्यांसमोर स्टोव्हवर चढवला. पहिली शिट्टी झाली तेव्हा निम्म्या बायका दाराबाहेर होत्या! पण मग त्यांनी झाकण उघडून एकेक भाग हातात दिला. रबराचे कडे, शिट्टीचे वजन, वाफ जाण्याचे भोक, आणि ते भोक डाळीने बुजले तर आपोआप मोकळी होणारी दुसरी झडप. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते आणि पुढे तापत नाही. कुकरात वाफ कोंडली की तेच पाणी एकशेवीसच्या आसपास जाते, म्हणून तूरडाळ मेणासारखी शिजते. हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते, मंडळात कळले. एकीने विचारले, “वाफ असताना जोर करून झाकण काढले तर?” आम्ही सगळ्या हसलो. पण चिटणीसबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “हा प्रश्न ज्या बाईच्या मनात आला ती भाजणार नाही.” दुसऱ्या दिवशी मी घरी कुकर लावला. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या होत्या. वरण खाल्ल्यावर मात्र त्यांनी पुन्हा ते फळीवर ठेवू दिले नाही.

मिक्सरवरून आपल्यात दर वर्षी वाद होतो, तो आज घालायचा नाही. माझे मत एवढेच की पाट्यावरच्या वाटणाची चव निराळी हे खरे, आणि ज्या बाईने तीस वर्षे वाटले तिचे मनगट निराळे हेही खरे. शेंगदाण्याची चटणी मात्र मी अजून खलबत्त्यात कुटते. कुटून जे तेल सुटते ते पात्याने नुसते कापून तसे सुटत नाही. बाकी सगळे मिक्सरला वाहिले आहे.

या मिक्सरची एक हकीकत मला फार आवडते. परदेशी मिक्सर आपल्याकडे आले ते फळांचा रस आणि अंड्याचा बलक घुसळण्यासाठी केलेले. आपली भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड त्यांच्या नशिबात कुठले? मुंबईत सत्यप्रकाश माथूर नावाचे एक अभियंते होते. त्यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी यजमानांपुढे तक्रार मांडली. त्यातून माथूरांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी दणकट मोटर बसवून १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर काढला. म्हणजे बाई बोलली म्हणून यंत्र झाले. ती मुकाट्याने पाट्याकडे वळली असती तर कदाचित आपणही अजून पाट्याशीच बसलो असतो.

दूरदर्शनबद्दल काय सांगू? १९८७ साली रामायण सुरू झाले आणि रविवारी सकाळी आमच्या समोरच्या घरी सारी आळी जमू लागली. त्या वेळात चहा मिळत नाही हे पुरुषमंडळींना प्रथमच समजले. धुण्याचे यंत्र आले, त्याचे गुण गाण्याची गरज नाही. ज्यांनी पावसाळ्यात हाताने चादरी पिळल्या आहेत त्यांना ते ठाऊक आहेत.

आता मोबाईल. तो घरात आला त्याची रीत या सगळ्यांहून निराळी होती, आणि मला आज जे सांगायचे आहे ते त्याच रीतीबद्दल आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो. वीज नाही, माझ्या जुन्या फोनची घंटा बंद. मुलगा पुण्यात जीव मुठीत धरून बसलेला. त्या दिवाळीला त्याने मला मोठा मोबाईल आणून दिला. पैसे पाठवण्याची सोयही त्यानेच त्यात करून दिली. “आई, तू फक्त इथे दाब. बाकी काही लागले तर मला सांग.” मी विचारले, हे असे का होते? तर म्हणाला, “ते तुला कशाला? मी आहे ना.” नातवाला विचारले तर त्याची बोटे अशी पळतात की आपण चष्मा डोळ्यांवर चढवीपर्यंत काम झालेले असते. दोघेही प्रेमाने करीत, याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुकरचे झाकण माझ्यासमोर कोणी उघडून दाखवले होते, मोबाईलचे कोणीच दाखवले नाही. मीही मग विचारणे सोडले. दरवेळी विचारायचे आणि दरवेळी “अगं आई” ऐकायचे, यात मला कमीपणा वाटू लागला.

भगिनींनो, पुढचे मी घरच्यांखेरीज मोजक्याच जणींना सांगितले आहे.

जून २०२३ मध्ये मी ते शिलाईचे मशीन विकायला काढले. गुडघ्यांना पायटा सोसेना. नातवाने फोटो काढून मोबाईलवर जाहिरात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात मी एकटी असताना, एका गृहस्थांचा फोन आला. बोलणे अतिशय अदबीचे. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, पत्नीसाठी मशीन हवे आहे, किंमत तुम्ही म्हणाल ती. आगाऊ पैसे लगेच पाठवतो म्हणाले आणि ठिपक्यांचे ते चौकोनी चित्र पाठवले. “आजी, हे स्कॅन करा आणि पिन घाला, पैसे तुमच्या खात्यात येतील.” मी घातला. खात्यातून साडेनऊ हजार रुपये गेले. मी घाबरून तसे सांगितले, तर म्हणाले, “चूक झाली, परत पाठवतो, आणखी एकदा तसेच करा.” आणि मी केले. एकूण एकोणीस हजार! पहिल्या वेळी मी अजाण होते म्हणावे, पण दुसऱ्या वेळी का केले, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. फोनवर ‘आजी’ म्हणणारा खोटे बोलेल, हे मन घेईना एवढेच.

अकरा दिवस मी कोणाला बोलले नाही. पैशाचे दुःख होतेच, त्याहून मोठी भीती होती ती मुलगा मोबाईल काढून घेईल याची, आणि सून काही बोलणार नाही, नुसती पाहील, याची. जेवण जाईना. यजमान असते तर त्यांना ओळखू आले असते.

त्याच सुमारास, ३० जून २०२३ ला, केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. आपण सगळ्या गेलो होतो ते तुम्हाला आठवतच असेल. सहा बहिणींची आणि मंगळागौरीच्या स्पर्धेची ती गोष्ट. वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी यांना पाहताना बायकांनी भरलेले थिएटर एकदम हसायचे आणि एकदम नाके पुसायचे. मला चित्रपट आवडला, पण सगळा नाही. इतक्या वर्षांची अढी इतक्या लवकर सुटलेली मी आमच्या नात्यात तरी पाहिलेली नाही. खेळ मात्र झकास होते.

मध्यंतरात शेजारच्या काकू म्हणाल्या, “चहा आणू या, तुमच्याकडे मोबाईलवर पैसे आहेत ना?” आणि मला रडू कोसळले. त्यांना वाटले मी चित्रपटामुळे रडते आहे. मग सारे सांगितले. चहा राहिलाच, उत्तरार्धाचा बराचसा भागही आम्ही बाहेरच्या बाकावर काढला. काकू काही वेळ गप्प होत्या, मग हळूच म्हणाल्या, “माझे चार हजार गेले. आज रात्री वीज तोडणार असा निरोप आला होता.” त्यांनीही घरी सांगितले नव्हते. परतताना रिक्षात तिसऱ्या बाईंनी आपली कहाणी सांगितली. एका रिक्षात तिघी फसलेल्या, आणि तिघींनाही वाटत होते की मूर्ख आपण एकट्याच!

त्याच रात्री मी सुनेला सांगितले. ती नुसती पाहील असे मला वाटले होते, पण तिने आधी मला जवळ घेतले, मग विचारले, “अकरा दिवस का थांबलात हो?” सरकारने अशा फसवणुकीसाठी १९३० हा फोन नंबर ठेवला आहे. तिथे लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी अडवण्याची संधी असते. अकरा दिवसांनी काय अडवणार? तक्रार नोंदवली, पैसे आले नाहीत. पैसे चोरले त्या माणसाने, पण उशीर केला तो माझ्या लाजेने.

मग सुनेने एका दुपारी मला समोर बसवून मोबाईलचे ‘झाकण’ उघडून दाखवले. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो. एवढे एकच वाक्य. ते मला चार वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते.

हल्ली वर्तमानपत्रात यंत्रांच्या बातम्यांना तोटा नाही. बोलणारा फ्रिज, आपोआप फरशी पुसणारी चकती. मी वाचते आणि मनात विचारते, त्या चकतीतला कचरा कोण काढणार? २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ते आपण इथेच टीव्हीवर पाहिले. त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना के. या बाई होत्या, हे कळल्यावर आपण वाजवलेल्या टाळ्या मला आठवतात. पण २०२४ मध्ये ‘डिजिटल अटक’ हे प्रकरण वाचले तेव्हा अंगावर काटा आला. पोलिसाच्या वेषातला माणूस मोबाईलच्या पडद्यावर येतो, तुम्हाला अटक झाली म्हणतो, कोणाशी बोलू नका म्हणतो, आणि शिकलीसवरलेली माणसे दिवसदिवस खोलीत बसून त्याला पैसे पाठवतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. तो ‘कोणाशी बोलू नका’ म्हणतो ना, तिथे मी थांबून पुन्हा वाचले. मला तर तसे कोणी सांगितलेही नव्हते, मी आपण होऊनच गप्प बसले होते.

तेव्हा अध्यक्षबाईंच्या परवानगीने एक सूचना मांडते. पुढच्या बुधवारी दुपारी चार वाजता माझी सून इथे येणार आहे. प्रत्येकीने आपला मोबाईल भरून आणावा आणि चष्मा विसरू नये. ‘वाफ असताना झाकण काढले तर’ अशा जातीचे प्रश्न जरूर आणावेत. कोणी हसले तर त्या दिवशीचा चहा तिच्याकडून.

आणि हो, ते शिलाईचे मशीन अजून माझ्याकडेच आहे. चालू स्थितीत आहे, तेलपाणी केलेले आहे. कोणाला हवे असल्यास घरी येऊन पाहावे. पैसे मात्र रोख घेईन.