ग्रीसच्या दगडांवरचा जमाखर्च
(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रीसला जाऊन आलेला प्रत्येकजण पार्थेनॉनचे खांब दाखवतो. ते फोटो तुम्ही पाहिलेच आहेत. म्हणून आज मी खांबांबद्दल कमी आणि हिशेबाबद्दल जास्त बोलणार आहे. आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करू नका!

अथेन्सच्या मधोमध अ‍ॅक्रोपोलिस ही टेकडी आहे. तिच्यावरचं पार्थेनॉन म्हणजे अथेना देवीचं देऊळ. इ. स. पूर्व ४४७ साली काम सुरू झालं, ४३८ साली मूर्ती बसली आणि कोरीव काम ४३२ पर्यंत चाललं. पुढे त्याचं चर्च झालं, मग मशीद झाली. तुर्कांनी तिथे दारूगोळा साठवला आणि १६८७ साली व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. आज दिसतं ते स्फोटातून उरलेलं. उरलेल्यातली बरीच शिल्पं लॉर्ड एल्गिनने लंडनला नेली. एवढं गाईड सांगतोच. पण या बांधकामाचा वर्षावर्षाचा जमाखर्च दगडावर कोरून ठेवला होता, हे तो सहसा सांगत नाही.

त्या दगडांचे तुकडे सापडले आहेत. ४३४ सालचा हिशेब बघा. आधी मागील शिल्लक, मग देवीच्या खजिनदारांकडून आलेली रक्कम, मग उरलेलं सोनं आणि हस्तिदंत विकून आलेले पैसे. खर्चाच्या बाजूला शिल्पकारांची मजुरी १६,३९२ ड्राख्मा. आपल्या ताळेबंदाशी किती जुळतं! शेजारच्या एरेक्थिऑन देवळाच्या हिशेबात तर मजुरांची नावं आहेत. नागरिक, परगावचे आणि गुलाम एकाच कामावर आणि रोज एकच, एक ड्राख्मा. गुलामाचा रोज मालकाच्या खिशात जाई हा भाग वेगळा, पण दर एक होता.

देवीच्या मूर्तीवर सुमारे ४० टॅलेंट सोनं होतं, म्हणजे हजार किलोच्या वर. ते काढून वजन करता येईल असंच बसवलेलं होतं. सोनेतारण कर्जं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना यातली दूरदृष्टी लगेच कळेल.

अधिकाऱ्यांचंही तेच. मुदत संपली की प्रत्येकाला हिशेब द्यावा लागे. त्यासाठीचे दहा तपासनीस चिठ्ठ्या टाकून निवडत. हिशेब मंजूर होईपर्यंत देशाबाहेर जायला बंदी.

आता दुसरी बाजू. हा पैसा होता कोणाचा?

इराणच्या स्वारीनंतर, ४७८ च्या सुमारास, ग्रीक शहरांनी आणि बेटांनी संरक्षणासाठी एक संघ केला. वर्गणी ठरली, पहिली आकारणी ४६० टॅलेंट. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो, तेव्हा ही झाली जवळजवळ १२ टन चांदी. खजिना ठेवला डेलॉस बेटावर, अपोलोच्या पवित्र भूमीत, म्हणजे कोणा एकाच्या ताब्यात नको. ४५४ साली तो अथेन्सला हलवला. तेव्हापासून वर्गणीचा साठावा हिस्सा अथेना देवीला जाऊ लागला आणि कोणत्या गावाकडून किती, त्या याद्या दगडावर कोरल्या गेल्या. अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात तो दगड तुकडे जोडून उभा केलाय, माणसाच्या दुप्पट उंचीचा. दगडावर फक्त साठावा हिस्सा आहे, म्हणून अभ्यासक आकड्याला साठाने गुणतात. टीडीएसवरून आपण मूळ व्याज काढतो, तसंच!

नॅक्सॉसने आणि थॅसॉसने संघातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. अथेन्सने वेढा घालून त्यांना परत वाकवलं. राजीनामा नामंजूर! अथेन्समध्येही लोक गप्प नव्हते. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की पेरिक्लिसचे विरोधक भर सभेत म्हणत, दुसऱ्यांनी युद्धासाठी दिलेल्या पैशावर आपण आपलं शहर सजवतोय. पेरिक्लिसचं उत्तर होतं, आम्ही त्यांचं रक्षण करतो ना, मग हिशेब देणं लागत नाही. मंडळी, स्वतःच्या नागरिकांना पै-पैचा हिशेब देणारी सत्ता ठेवीदारांना मात्र हे सांगते. पार्थेनॉन सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते बघताना हा प्रश्न मनात असू द्या.

डेलॉसलाही जरूर जा. मिकोनॉसहून बोटीने अर्ध्या तासाचं अंतर. मुक्कामाला परवानगी नाही, सावली नाही. तिथलं अपोलोचं देऊळ पुढच्या काळात दहा टक्क्यांनी कर्ज देत असे आणि त्याचेही हिशेब दगडावर आहेत.

अथेन्सहून अडीच-तीन तासांवर डेल्फी. तिथे देवळाच्या चौथऱ्याला आधार देणारी भिंत आहे. तिच्यावर बारीक अक्षरांत शेकडो करार कोरलेत. हे गुलामांच्या मुक्ततेचे करार. गुलामाला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत नसे. म्हणून तो साठवलेले पैसे अपोलोच्या हवाली करी आणि कागदोपत्री देव त्याला विकत घेई. जामीनदार आणि साक्षीदार यांची नावं खाली. कित्येक करारांत अट आहे की मालक जिवंत असेपर्यंत सेवा करायची. पैसे आज, सुटका पुढे. असा करार वाचला की पुढे खांब बघायला पाय उचलत नाहीत.

आणि हे सगळं आपल्यापासून फार दूर नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं १७ क्रमांकाचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं दान आहे. तिथेच १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताने विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ३,००० कार्षापणांची नोंद आहे, व्याजदरासकट. दगडातली मुदतठेवच ती.

जाणाऱ्यांना थोडं व्यवहाराचं सांगतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा, उन्हाळ्यात तिथला दगड तापतो. अ‍ॅक्रोपोलिसचा संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालाय, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर सकाळी दार उघडतानाच चढा. शिलालेख संग्रहालय राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्याच इमारतीत आहे, दार वेगळं. सहल कंपनीच्या कार्यक्रमात ते नसतं, मोकळ्या दुपारी स्वतः जा.

शेवटचं सांगतो. हिशेब लिहिला म्हणून कारभार न्यायाचा झाला, असं अथेन्सवरून म्हणता येत नाही. पण त्यांनी तो लिहिला, उघड्यावर लावला, म्हणून आज आपण चोवीसशे वर्षांनी त्यांना जाब विचारू शकतो. ज्यांनी लिहिलाच नाही, त्यांना काय विचारणार? आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. जिन्याखालच्या सूचना फलकावर दरवर्षी ताळेबंद लागतो आणि आपण त्याच्यासमोरून लिफ्टकडे जातो. यंदा दोन मिनिटं थांबून वाचा, आणि सर्वसाधारण सभेत एक तरी प्रश्न विचारा. कार्यकारिणीने तो मनाला लावून घेऊ नये, एवढीच विनंती.