वडिलांची रायफल



पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मी बत्तीस वर्षं काम केलं. लोखंडाशी माझं चांगलं जमतं. पण घरातल्या एका लोखंडी वस्तूनं गेलं वर्षभर मला स्वस्थ बसू दिलं नाही. ती म्हणजे वडिलांची शिकारी रायफल.

बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याची ही रायफल .३१५ बोअरची आहे. या बोअरची गोष्ट गमतीची आहे. इंग्रजांच्या लष्कराचा बोअर .३०३. ती गोळी लोकांच्या हाती पडू नये म्हणून सरकारनं हा बोअर खासगी वापराला बंद केला. मग तिकडच्या कारखान्यांनी खास हिंदुस्थानसाठी .३१५च्या रायफली केल्या. आपल्याकडे आजही हाच बोअर चालतो, आणि त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात बनत आली.

खेड तालुक्यात आमचं गाव. शिकारीहून आल्यावर वडील आधी चुलीवर आधण ठेवायचे आणि उकळतं पाणी नळीत ओतायचे. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्षार असत. ते तेलानं निघत नाहीत, पाण्यानंच निघतात. म्हणून नळीतले आटे आजही लखलखीत आहेत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वडिलांनी रायफल पेटीत ठेवली. त्यानंतरही काही वर्षं परवाना काढून थोडीफार शिकार करता येत होती. १९९१च्या दुरुस्तीनं तीही वाट बंद झाली. वडिलांनी मात्र पेटी पुन्हा उघडली ती साफसफाईपुरतीच.

मुलगा चाकणला इंजिनिअर आहे. एकदा म्हणाला, "बाबा, रायफल मला द्या. शेतात डुकरं भुईमूग उकरतात. आणि शंभर वर्षांच्या वस्तूला परवाना कशाला लागतोय?"

या दोन्ही समजुती पुष्कळांच्या असतात, म्हणून सांगतो. नुसती जुनी म्हणून बंदूक शस्त्र कायद्यातून सुटत नाही. जी चालत नाही आणि दुरुस्त करूनही चालणार नाही, तिला सूट आहे. आमची चालते आणि वापरायची आहे, म्हणजे परवाना हवाच. जुन्या बाजारात कुणी बिनकागदाची रायफल 'शोभेची' म्हणून पुढे केली, तर हात लावू नका. घ्यायचीच तर आधी परवाना, मग परवानाधारक विक्रेता, आणि नळीवरचा क्रमांक कागदाशी ताडून. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्कानं आल्या तरीही. तेव्हा भिंतभर संग्रहाची हौस विसरलेली बरी.

राहिलं डुक्कर. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा आधी वनखात्याची परवानगी लागते. खिशात बंदुकीचा परवाना आहे, एवढ्यानं भागत नाही. शिवाय आमच्या उसात बिबट्या असतो. अंधारात हललेलं पान डुकराचं की बिबट्याचं, की पाण्याची पाळी द्यायला गेलेल्या शेजाऱ्याचं, हे गोळी विचारत नाही.

मग रायफलीचं करायचं काय? माझ्या पश्चात ती पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागली असती. पण २०१६च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, तर हयातीतच वारसाचं नाव सुचवता येतं. वारसाला परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो आणि पोलीस चौकशीही होते. चाकण २०१८पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, त्यामुळे आमचा अर्ज तिथे गेला.

मी एकच अट घातली. आधी बालेवाडीला जाऊन निशाण धरायला शिक. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्निल कुसाळेनं २०२४मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक कांस्य मिळवलं, ते रायफलीनंच. त्यात रक्ताचा थेंब सांडला नाही.

पोरगा आता रविवारी तिकडे जातो. परवा म्हणाला, "बाबा, श्वास रोखून उभं राहणं फार अवघड आहे हो." म्हटलं, "आजोबांना विचारायला हवं होतंस." त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून पेटी उघडली आणि नळीला तेलाचा हात दिला. परवाना अजून यायचा आहे. तोवर किल्ली माझ्याकडेच.