युद्धाला पैसा कमी पडत नाही



युद्धाच्या खर्चावर बोलायचं तर जगभरचे आकडे तुमच्यापुढे ओतता येतील. त्याऐवजी एकाच युद्धाचं, आणि तेही आपल्या मुलखाच्या वाट्याला आलेलं बिल आज उलगडून पाहू. युद्ध १९१४ चं, पहिलं महायुद्ध.

सुरुवात मात्र युद्धापासून नको, शाळेपासून करू. मार्च १९११ मध्ये नामदार गोखल्यांनी कलकत्त्याच्या विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं करावं, एवढीच मागणी. गोखले हिशेबाचे पक्के. फक्त मुलग्यांपुरता विचार केला तर वर्षाला सुमारे साडेचार कोटी रुपये जादा लागतील, आणि तेही दहा वर्षांत हळूहळू, असा त्यांचा अंदाज होता. इतका खर्च झेपणार नाही, लोकांची तयारी नाही, अशी कारणं पुढे आली. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक पडलं. तीन वर्षांनी गोखलेही गेले.

आणि १९१७ साली याच हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची 'भेट' दिली. त्या वेळच्या दराने सुमारे दीडशे कोटी रुपये. ज्या तिजोरीत शाळेसाठी साडेचार कोटी नव्हते, तिच्या नावावर गोखल्यांच्या योजनेची तेहतीस वर्षं एका फटक्यात लिहून दिली गेली! रक्कम हातात नव्हतीच. काही भाग इथे युद्धकर्ज उभारून, उरलेल्या भागासाठी ब्रिटनच्या कर्जाचं व्याज आपल्या डोक्यावर घेऊन. व्याज भरणार कोण? ज्याला कोणी विचारलं नव्हतं तो करदाता.

पैसा नव्हता म्हणून शाळा झाल्या नाहीत, हे म्हणूनच मला पटत नाही. १९०६ मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात सक्तीचं शिक्षण आणलं. भेटीच्याच १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. या दोघांची तिजोरी इंग्रज सरकारपेक्षा मोठी होती, असं कोणी म्हणेल काय?

आता हे बिल बाजारात कसं पोचलं ते पाहा. युद्धाच्या खरेदीपायी चांदीच्या रुपयांना मागणी इतकी वाढली की नाणी पाडायला चांदी पुरेना. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या वर्षी अडीच रुपयांचीही आली. वाजवून घ्यायची सवय असलेल्या माणसाच्या हातात कागद आला. धान्य, कापड, रॉकेल सगळं कडाडलं. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला, त्यातच पावसाने दगा दिला. या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसं नेली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखावर गिरणी कामगारांनी महागाईपायी संप केला, तेव्हा युद्धबंदी होऊन दोन महिने उलटले होते. तोफा थांबल्या, बिलं येतच राहिली.

आता रणांगणावर येऊ. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, धाडलं गेलं. मराठा पलटणी तिच्यात होत्या. ही मोहीम सुरुवातीला हिंदुस्थान सरकार चालवत होतं, आणि काटकसरीने. नदीतून वाहतूक करायची तर होड्या पुरेशा नाहीत, जखमींसाठी इस्पितळी बोटी नाहीत, डॉक्टर कमी. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींनी भरलेली एक बोट बसऱ्याला आली. मेजर कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरने ती येताना पाहिली. दुरून तिच्या कडांवरून दोर लोंबकळताहेत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. उठता न येणारी माणसं दिवसचे दिवस डेकवर, अंथरुणाशिवाय, एकमेकांना खेटून पडली होती. कार्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. पुढे चौकशी आयोगापुढे त्याने हे सांगितलं आणि १९१७ च्या अहवालामुळे लंडनमध्ये भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला.

उरलेलं सैन्य कूत इथे वेढ्यात अडकलं. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांना सोडवायच्या प्रयत्नांत जवळपास २३ हजार मेले वा जखमी झाले होते. इस्पितळी बोटींवर किती रुपये वाचले, हे या आकड्यांशेजारी मांडा.

या आघाडीवरच्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. गोऱ्या सैनिकांची नावं त्यावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीखाली आकडा आला: अमुक पलटण, इतके. आपल्या सातारा आणि कोकणातल्या गावांतल्या दगडी पाट्याही तशाच. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्यातल्या अपशिंगे गावाने तर ४६ जवान गमावले, असं गाव सांगतं. हातपाय गमावून परतलेल्यांचा आणि मागे राहिलेल्या बायकापोरांचा रकाना पाटीवर कुठेच नाही.

कोणी म्हणेल, पगार मिळाला, दुष्काळी माण-खटावात मनिऑर्डरी आल्या. खरं आहे. शिपायाला महिना ११ रुपये मिळत आणि त्यावर घरं चालली. पण पोटासाठी पोराला बसऱ्याला धाडावं लागतं, यात युद्धाचा उपकार मानायचा, की शांततेच्या काळात इथे विहीर, शाळा आणि काम न देणाऱ्या राजवटीला जाब विचारायचा? मी दुसरं करीन.

शांतता फुकट असते, असं मी म्हणत नाही. सीमा राखायला पैसा लागतोच, आणि काही लढाया टाळता येत नाहीत. पण शांततेच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आपण आधी मागतो, युद्धाचा मात्र नंतर, आणि तोही कर्जदारांच्या नातवंडांकडून. ब्रिटनने त्या युद्धाचं शेवटचं युद्धकर्ज फेडलं ते ९ मार्च २०१५ रोजी. युद्ध संपून शहाण्णव वर्षं उलटली होती.

तेव्हा श्रोतेहो, उद्या कुठेही, कुणाच्याही नावाने युद्धाची हाक आली, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाच्या नावावर काढणार? फेडायला किती वर्षं लागणार? आणि जे परत येणार नाहीत, त्यांच्या घरचं कोण बघणार? उत्तर मिळेपर्यंत टाळी राखून ठेवा, आणि तोवर आपल्या गावच्या शाळेचा खर्च झेपत नाही, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.