अंगावरचे दूध आणि लोकांची बोलणी



बालकास अंगावर पाजण्याची गोष्ट एके काळी घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या बोलण्यापुरती होती. आज तिची चर्चा समाजमाध्यमांवर चालते. तेथे एक पक्ष मातृत्वाची स्तोत्रे गातो. दुसरा पदराआडून पाजणाऱ्या आईलाही मर्यादेची आठवण करून देतो. तिला बसावयास जागा कोठे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. सीताबर्डीच्या बाजारात तान्हे रडू लागले म्हणजे आईला दुकानाची पायरी शोधावी लागते.

सीताबर्डीहून थोड्याच अंतरावरील विधानभवनात १९ डिसेंबर २०२२ रोजी देवळालीच्या आमदार श्रीमती सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे मूल घेऊन अधिवेशनास आल्या. छायाचित्रे सर्वत्र पसरली, कौतुकही झाले. परंतु मुलास पाजण्याची स्वतंत्र सोय तेथे नव्हती. ‘हिरकणी कक्ष’ त्यानंतर उघडण्यात आला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात तेथील कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांनाच करावी लागली.

हिरकणीची कथा वर्गात रंगवून सांगितली जाते. रायगडाचे दरवाजे मिटले होते म्हणून त्या गवळणीला कडा उतरावा लागला, इकडे मात्र मुलांचे लक्ष फारसे वेधले जात नाही. कड्याचे वर्णन करण्यात शिक्षकही रमतात!

पालकसभेत या विषयावर बोलताना आडपडदा नसावा. जन्मानंतर तासाभरात बाळास अंगावर घ्यावे. पहिला चीक पिळून टाकू नये. सहा महिने वरचे पाणीही देऊ नये. त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत व पुढेही पाजावे. भुकटीच्या डब्यांच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील मुलांचे इतर तयार अन्नही त्या बंदीत आले. तरी मोबाईलवर अशी शिफारस सल्ल्याच्या वेषात येते, हे पालकांस सांगावे. जिला खरोखरच दूध येत नाही, तिला मात्र चारचौघांत दोष देऊ नये. तिला आरोग्यसेविकेकडे पाठवावे.

शिक्षिकेची प्रसूतिरजा १८० दिवसांची असते. म्हणजे ती कामावर परतते तेव्हा मूल अंगावर पीतच असते. शाळेत स्वतंत्र खोली नसेल, तर सामानाची खोली झाडून मधल्या सुट्टीत मोकळी करून देता येते. एक खुर्ची व पिण्याचे पाणी ठेवले म्हणजे झाले. दाराला आतून कडी मात्र हवी.