छपरावरची वीज आणि घरधन्याचे मन



तारापूरच्या परिसरात विजेविषयी बोलणे म्हणजे सातपाटीच्या कोळ्याला मासळीची ओळख करून देणे होय. देशातील पहिले अणुवीज केंद्र 1969 साली येथेच सुरू झाले. पुढे 540 मेगावॉटचे आणखी दोन संच उभे राहिले आणि त्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांनी आपली घरेदारे सोडली. वीज कशी निर्माण होते आणि तिचे मोल कोण देतो, हे या भूमीला सांगावयास नको. आजचा प्रश्न निराळा आहे. आपल्याच छपरावर वीज निर्माण करण्याची सोय झाली असता एक घर पुढे का येते आणि शेजारचे घर मागे का राहते?

पहिले उत्तर पैशाचे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान ठेवण्यात आले. तथापि अनुदान यंत्रणा बसल्यानंतर खात्यावर जमा होते. तोवरची रक्कम घरधन्याला उभी करावी लागते. मोलमजुरीवर चालणाऱ्या घराला अडचण येते ती या मधल्या महिन्यांची. म्हणून बँकेच्या सुलभ कर्जाची माहिती अनुदानाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरे उत्तर वीजबिलाचे. एक किलोवॉटची यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देते. वातानुकूलन यंत्र व पाण्याचा पंप असलेल्या बोईसरच्या बंगल्यात ही बचत लगेच डोळ्यांत भरते, कारण वापर वाढतो तसा युनिटचा दरही चढतो. उलट दोन दिवे व एक पंखा असलेल्या विक्रमगड-मोखाड्याच्या पाड्यावर बिलच थोडे. तेथे बचत ती किती असणार? ज्याला आधाराची गरज अधिक त्यालाच लाभ कमी दिसावा, ही यातील विसंगती होय. ती ओळखूनच राज्य शासनाने 2025 मध्ये 100 युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घरांसाठी वेगळे पूरक अनुदान जाहीर केले. त्यात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास एका किलोवॉटसाठी 17,500 रुपये ठेवले आहेत.

तिसरे उत्तर छपराचे आणि मालकीचे. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. कुडाच्या भिंती आणि कौलांचे छप्पर हा भार पेलेलच असे नाही. औद्योगिक वसाहतीच्या आसपास चाळीत भाड्याने राहणारा कामगार दुसऱ्याच्या छपरावर खर्च का करील? इमारतीत राहणाऱ्याची गच्ची सर्वांच्या मालकीची, तेव्हा तेथे निर्णय सभेतच व्हावयास हवा. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, हे ठाऊक असेल तर सभेतील चर्चा लवकर मार्गी लागते. खेड्यात आणखी एक अडचण येते. वीजजोडणी दिवंगत वडिलांच्या नावे आणि घराचा उतारा तीन भावांच्या नावे! अर्ज तेथेच अडतो. हे काम सूर्याचे नाही, ग्रामपंचायतीचे आहे.

चौथे उत्तर विश्वासाचे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. मे 2021 मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्यावरील माणूस विसरलेला नाही. पत्रे वाऱ्यावर जातात, मग या तावदानांचे काय, असे तो विचारतो. खारी हवा लोखंड खाते, हेही तो जाणतो. त्याची शंका अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे. तिला जाहिरातीने नव्हे, तर गंज न धरणारा सांगाडा, पक्के नांगरण आणि दुरुस्तीची लेखी हमी यांनी उत्तर द्यावे.

तसेच खरे ते आधी सांगावे. पावसाळ्यात निर्मिती घटते. एप्रिल-मे महिन्यांत वीजजाळ्यात दिलेली शिल्लक तेव्हा हिशेबात उपयोगी पडते. आणि बॅटरी नसलेली साधी यंत्रणा गावची वीज गेली की स्वतःही बंद होते, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका होऊ नये. हे आधी न कळलेला ग्राहक पहिल्याच काळोख्या रात्री फसल्यासारखा होतो आणि दहा शेजाऱ्यांना परावृत्त करतो.

शेजाऱ्याचे वजन असे मोठे असते. कॅलिफोर्नियातील 2012 च्या एका अभ्यासात, एका वस्तीत सौरछपरे वाढली की तेथे नवी छपरे बसण्याची शक्यताही वाढते, असे आढळले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम 2024 मध्ये झाले, तेही सारे गाव एकत्र आल्यामुळे.

म्हणून माझी विनंती तीन गोष्टींची. ग्रामसभेत नावांच्या दुरुस्तीचे अर्ज भरून घ्यावेत. शाळेच्या वा पंचायतीच्या छपरावर यंत्रणा असेल तेथे महिन्याची निर्मिती फळ्यावर लिहावी, पावसाळ्यातील घटसुद्धा. आणि पहिली यादी करताना बंगल्यापासून नव्हे, पाड्यापासून आरंभ करावा. विजेसाठी या भूमीने पुष्कळ दिले आहे. दिव्याखालचा अंधार हटविण्याची ही संधी केवळ मोठ्या बिलांच्या घरांपुरती राहिली, तर तो दोष सूर्याचा असणार नाही.