दोघींचा डाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी गंगाखेड येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायचा आग्रह केला तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी पास बाई, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "पाककृती सोडून काहीही बोला." म्हणून आज मी बुद्धिबळावर बोलणार आहे. हसू नका. मला त्यातले फार कळते असे नाही. घोडा अडीच घरे चालतो, उंट तिरपा जातो, हत्ती सरळ जातो, एवढे माझ्या धाकट्या लेकीने मला शिकवले. पण दोघींचा एक डाव मी पाहिला आणि त्याने माझ्या मनाला टोचणी लागली. ती तुमच्यापुढे मांडायची आहे.

२८ जुलै २०२५ ची गोष्ट. श्रावणातला पहिला सोमवार होता. सगळ्यांचा उपास, म्हणून दिवेलागणीला ताटे वाढायची होती. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, म्हणजे दिंडांसाठी पुरणाची डाळ निवडायची होती. मी लेकीला हाका मारत होते. एक झाली, दोन झाल्या, तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही. रागारागाने माजघरात गेले तर ही भावाचा मोबाइल घेऊन बसलेली. "आई, आपल्या नागपूरची दिव्या खेळते आहे. एवढा डाव होऊ दे ना." पिठाचे हात तसेच घेऊन मी उभी राहिले, आणि मग कधी खाली बसले ते मला कळलेच नाही.

जॉर्जिया नावाच्या देशात बाटुमी हे समुद्रकाठचे गाव आहे. तिथे महिलांच्या बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा चालली होती. पूर्वी त्या देशात मुलीला लग्नात आंदण म्हणून बुद्धिबळाचा पट देत, असे सांगतात. आपण ताट, वाटी, तांब्या देतो, तसा पट! स्पर्धेला जगभरातून १०७ जणी आल्या होत्या. एकेक हरून परत गेली आणि शेवटी उरल्या त्या दोघीही आपल्याच देशातल्या. एक नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दुसरी आंध्रातली कोनेरू हंपी, वय ३८ आणि एका मुलीची आई. हंपी २००२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. तो मान मिळवणारी ती भारतातली पहिली स्त्री. तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. ती २००५ च्या डिसेंबरातली.

शनिवारी आणि रविवारी दोघींचे दोन मोठे डाव झाले, दोन्ही बरोबरीत सुटले. म्हणून सोमवारी जलद डाव ठेवले होते. प्रत्येकीला पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला वर दहा सेकंद. पंधरा मिनिटे म्हणजे आपला भात शिजायला लागतो तेवढा वेळ! तेवढ्यात जगज्जेतेपदाच्या वाटेवरचा निकाल लावायचा. पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्यात हंपीकडे पांढरी मोहरी होती आणि दिव्याकडे काळी. पटावरची मोहरी एकेक करून उतरत गेली आणि डाव हत्ती व प्याद्यांवर आला. हंपीचे घड्याळ संपत आले. घाईत तिच्याकडून चूक झाली. दिव्यानेही हाती आलेली संधी एकदा घालवली, पण पुन्हा संधी आली तेव्हा सोडली नाही. हंपीने शांतपणे हात पुढे केला आणि डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड गुणांनी दिव्या जिंकली. तिला रडू आवरेना. ती उठली आणि आईच्या गळ्यात पडली.

ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन मोठ्या कसोट्या पार कराव्या लागतात. दिव्याची त्यांतली एकही झालेली नव्हती. पण ही स्पर्धा जिंकणाऱ्याला तो किताब सरळ मिळतो. म्हणून त्या संध्याकाळी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली आणि आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये चौथी.

लेकीने टाळ्या वाजवल्या. माझे डोळे मात्र हंपीवर होते. वय झाले, आता कशाला, असे तिलाही कोणी म्हटले असेलच. मूल झाले तेव्हा ती दोन वर्षे खेळापासून दूर होती. परत आली आणि २०१९ मध्ये जलद बुद्धिबळात जगज्जेती झाली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला पुन्हा झाली, तेही पहिलाच डाव हरून! तेव्हा तिने सांगितले होते की, नवऱ्याचा पाठिंबा आहे आणि मी परगावी असते तेव्हा माझे आईवडील मुलीला सांभाळतात, म्हणून हे जमते. तिच्या वडिलांनी तर तिला शिकवण्यासाठी आपली नोकरी सोडली होती. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. तरी लेक सातासमुद्रापार खेळायला निघाली की आई तिच्या सोबत असते.

भगिनींनो, आपण जनाबाईच्या गावच्या बायका. जनीच्या सोबतीने विठ्ठल दळू लागला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती देवाची लीला म्हणून ऐकत आले. त्या संध्याकाळी मला तिच्यातली दुसरी गोष्ट दिसली. बाईला जर विचार करायचा असेल, काही रचायचे असेल, तर जात्याच्या खुंट्याला आणखी एक हात लागतो. जनीला तो देवाने दिला. हंपीला नवऱ्याने आणि आईवडिलांनी दिला. मग माझ्या लेकीला कोणी द्यायचा?

आता मनातले सांगते. माझी लेक सहावीत असताना शाळेत बुद्धिबळ शिकली. सातवीत एका स्पर्धेला गेली. तिथे सगळी मुलेच, ही एकटी मुलगी. परत आल्यावर नात्यातल्या दोघीतिघींनी विचारले, "मुलांच्यात तासन् तास बसते, बरे दिसते का?" आणि मी, तिच्या आईने, पट उचलून माळ्यावर टाकला. तिचे वडील काही बोलले नव्हते. शाळेनेही हरकत घेतली नव्हती. अडवले ते मीच. मी स्वतः हिशेबात अशी होते की वर्गात माझा हात कोणी धरत नसे. पण गावात शाळा सातवीपर्यंतच, आणि घरी धाकट्या भावाला सांभाळायचे होते, म्हणून माझे शिक्षण तिथेच संपले. ते दुःख मी तीस वर्षे जपले आणि तरी लेकीच्या बाबतीत तेच केले. याहून मोठी चूक कोणती?

लोक बोलतात हे खरे आहे. २०२४ च्या जानेवारीत दिव्या हॉलंडमधल्या एका मोठ्या स्पर्धेत खेळली. नंतर तिने उघडपणे लिहिले की, प्रेक्षक माझे कपडे, केस, उच्चार पाहत होते, माझा खेळ पाहत नव्हते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. बोलणे ऐकून ती घरी बसली नाही. त्याच वर्षी ती मुलींमध्ये ज्युनियर जगज्जेती झाली आणि ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक घेऊन आली. आणि हे काही आजचे नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, यांनी पन्नास वर्षांपूर्वी ही वाट पाडली. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा हरकती निघाल्या. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी सांगितले की, स्त्रियांना अडवता येणार नाही. म्हणजे माझी लेक मुलांच्यात बसली, त्याचा निवाडा माझ्या जन्माआधीच लागलेला होता!

त्या सोमवारी ताटे वाढायला उशीर झाला. थोरल्या मुलाने कणीक मळली. पोळ्यांचे नकाशे झाले, पण उपास सुटला. रात्री मी शिडी लावून पट खाली काढला. एक काळे प्यादे हरवले होते, तिथे आम्ही चिंचोका ठेवतो. आता रोज रात्री तासभर ती बसते आणि त्या वेळात मी तिला हाक मारत नाही. ती पुढे दिव्या होईल असे माझे म्हणणे नाही. तिला घटकाभर एका जागी बसून आपल्या डोक्याने विचार करता यावा, एवढेच माझे मागणे आहे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाची ही खोली रविवारी दुपारी रिकामी असते. तिथे मुलींसाठी चार पट मांडावेत. पटांचा खर्च आपण हळदीकुंकवाच्या वाणातून वाचवू. या वर्षी प्लास्टिकचे डबे नकोत. आणि ज्या बाईला स्वतः शिकावेसे वाटेल, तिनेही यावे. वयाची अट नसावी, कारण पहिले नाव मी माझेच देणार आहे.