फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ



मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यावं, असं तुम्ही मला विचारलंत. आज शाळेत कमी ऐकू येणारी दोन मुलं आहेत. बाई फळ्याकडे वळल्या की ओठ दिसत नाहीत आणि त्यांचा तास तिथेच थांबतो.

बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारी सोय मराठीत आहे. गूगलचं बोलून टाइप करणं २०१७ मध्ये मराठीत आलं. २०१९ चं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ तर फुकट मिळतं. पण फोन मागच्या बाकावर ठेवला की पंख्याची घरघर त्यात आधी शिरते आणि गणितातला ‘छेद’ सहज ‘खेद’ होतो. (परीक्षेपुरतं ते खरंही आहे म्हणा!) आमच्या क्षेत्रात कौतुक सॉफ्टवेअरचं होतं, खरा फरक तोंडाजवळच्या माइकने पडतो.

म्हणून भिंतभर स्मार्ट बोर्ड नको. दोन कॉलर माइक, दोन टॅब आणि वर्गात पोचेल असं इंटरनेट घेऊ. सरांना, बाईंना एकच विनंती: धड्यातले नवे शब्द आधी फळ्यावर लिहा, मग मुलांकडे वळून बोला. जोडणी करून द्यायला दिवाळीनंतरचे दोन शनिवार मी येते.